साड्या, भाषणं आणि ४५ सेकंद

नमस्कार. ऑस्कर सोहळ्यावरच्या माझ्या टिपणाबद्दल तुम्ही रागावून लिहिलंय. नामांकनं मिळालेले निम्मे चित्रपटही न बघता मी साड्या, भाषणं आणि नाचावर गप्पा मारल्या, नामांकन मिळालेल्या 'ऑल दॅट ब्रीद्स' या माहितीपटावर मात्र एक ओळ नाही, आणि इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, गावात राहणाऱ्या बाईने तरी असं करू नये, असं तुमचं म्हणणं. टीका मनापासून केलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

चित्रपटांवर मी लिहितेच. २००४ पासून इफ्फी गोव्यात भरतो, नोव्हेंबरात आम्ही पणजीत रांगा लावतो आणि बाहेर पडल्यावर तावातावाने भांडतो. हे टिपण मात्र परीक्षण नव्हतं. सोमवारी १३ मार्च २०२३ ला पहाटे साडेपाचपासून टीव्हीवर जे दिसलं, ते त्यात होतं. कोणाला किती वेळ द्यायचा, कॅमेरा कोणावर रोखायचा, हे तिथे कोणीतरी ठरवत असतं. त्याबद्दल बोलायला सोहळा लक्ष देऊन बघितलेला पुरतो.

त्या दिवशीचंच बघा ना. 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला लघु माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस निसर्गाशी असलेल्या आपल्या नात्याबद्दल, आदिवासींच्या सन्मानाबद्दल बोलल्या. मग निर्मात्या गुनीत मोंगा बोलायला पुढे झाल्या आणि भाषण आवरतं घ्यायला लावणारं संगीत वाजायला लागलं. भारतीय निर्मितीला मिळालेलं हे पहिलं ऑस्कर, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते नंतर पत्रकारांपुढे सांगावं लागलं. भाषणाला ४५ सेकंदांचा नियम आहे, ठाऊक आहे मला. तरी पोटात तुटलं, आणि ते मी लिहिलं.

याला तुम्ही क्षुल्लक म्हणता, ते मला पटत नाही. आदल्याच वर्षी, २०२२ ला, आठ विभागांचे पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू होण्याआधीच देऊन टाकले होते आणि त्यांची काटछाट केलेली दृश्यं मध्ये मध्ये दाखवली होती. संकलन, रंगभूषा आणि कलादिग्दर्शन त्यात होते, शिवाय ध्वनी, पार्श्वसंगीत आणि लघु माहितीपटही. आता २००९ आठवा. रसूल पूकुट्टींना ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं, रहमानना गाण्याबरोबर पार्श्वसंगीताचंही. म्हणजे आपली माणसं ज्या विभागांत जिंकली, त्यांतले ध्वनी आणि पार्श्वसंगीत हे दोन बाजूला काढले गेले होते! ओरड झाली, लोक चिडले, आणि २०२३ ला सगळे विभाग पुन्हा थेट दिसले. प्रेक्षकांनी बोललंच पाहिजे, ते यासाठी.

आमच्याकडे नाट्यस्पर्धेचा निकाल लागतो, तेव्हा नेपथ्य आणि प्रकाशयोजनेच्या बक्षिसांनाही तेवढ्याच जोरात टाळ्या पडतात. पडद्यामागे कोण रात्र रात्र राबलं, हे समोरच्यांना माहीत असतं.

राहिल्या साड्या. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण? कोल्हापूरच्या भानू अथैया. १९८३ साली, 'गांधी'साठी, जॉन मोलो यांच्यासोबत, आणि तेही वेशभूषेसाठीच. पडद्यावर माणूस बोलायच्या आधी त्याचे कपडे बोलतात. ते बघणं आणि त्यावर लिहिणं मला अजिबात हलकं वाटत नाही.

नाचाबद्दलही माझं मत तेच आहे. 'नाटू नाटू'च्या वेळी राहुल सिपलीगंज आणि काल भैरव यांचे आवाज आपले होते, पण पुढे नाचणारे दोघे आपल्याकडचे नव्हते. गाण्याला पुरस्कार मिळाल्याचा आनंद झाला, ही खंतही आहे. दोन्ही खरं.

'ऑल दॅट ब्रीद्स'बद्दल विचारलंत ते बरं झालं. माहितीपटाचं ऑस्कर 'नवाल्नी'ला गेलं, पण दिल्लीतल्या जखमी घारींवर उपचार करणाऱ्या भावांची ती गोष्ट टिपणात दोन ओळींत उरकावी असं मला वाटेना. त्यावर पुढचा लेख स्वतंत्र लिहिते आहे. तिथे कडाडून भांडायला या.