‘बिझी बिट लावला की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विमानातली उपकरणं १५५३बी या डेटा बसवर, म्हणजे सामायिक तारेवर, एकमेकांशी बोलतात. उपकरणाला या बसशी जोडणारी रिमोट टर्मिनल चिप आणि तिच्यामागचं उपकरण, म्हणजे तिची सबसिस्टिम, यांच्यातल्या सिग्नलांवर मी लिहिलेला लेख तुम्ही नीट वाचलात आणि परखडपणे लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं: १५५३बी स्टँडर्डमध्ये चिपच्या मागच्या बाजूच्या सिग्नलांची नावंसुद्धा नाहीत, मग त्यावर अख्खा लेख कशाला? रिक्वेस्ट-ग्रँटचा हँडशेक (चिपनं शब्द मागायचा, सबसिस्टिमनं परवानगी द्यायची) जुन्या चिप्सबरोबर गेला, आता बस आणि प्रोसेसर दोघांना वापरता येणारी शेअर्ड रॅम असते. आणि सबसिस्टिमला उसंत मिळाली नाही तर बिझी बिट, म्हणजे उत्तरातली ‘सध्या जमत नाही’ ही खूण, लावावा, पुढचं बसवर सगळ्यांना कमांड देणारा बस कंट्रोलर बघून घेईल.

पहिला मुद्दा खरा आहे, आणि नेमका म्हणूनच तो लेख लिहिला. बसच्या बाजूला सगळं बांधून दिलेलं आहे. वेग सेकंदाला १० लाख बिट. एक शब्द २० बिटांचा (त्यात डेटाचे १६), म्हणजे २० मायक्रोसेकंदांचा. कमांड मिळाल्यावर टर्मिनलनं ४ ते १२ मायक्रोसेकंदांत उत्तर द्यायचं. पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) चुकली किंवा शब्द कमी पडले तर चिप तो संदेश अवैध ठरवते. ही शिस्त चिपपाशी संपते. चिपच्या पलीकडे आकडा पूर्ण आणि ताजा आहे की नाही, हे सबसिस्टिम लिहिणाऱ्याच्या हातात असतं. तिथे स्टँडर्ड तुम्हाला सांभाळून घेत नाही.

हँडशेकचं म्हणाल, तर आत रॅम नसलेल्या चिप्समध्ये तो उघड दिसायचा. बस कंट्रोलरनं ‘पाठव’ अशी कमांड दिली, की चिप आधी स्टेटस वर्ड, म्हणजे टर्मिनलची स्थिती सांगणारा शब्द, पाठवायला घेते. तो जाईपर्यंत पहिला डेटा शब्द तिच्या हातात हवा, कारण स्टेटस वर्ड आणि डेटा यांच्यामध्ये फट चालत नाही. म्हणून ती डेटा ट्रान्सफर रिक्वेस्टची पिन ओढते, सबसिस्टिम ग्रँट देते, शब्द उचलला जातो, चिप अ‍ॅकनॉलेज करते. पुढे दर २० मायक्रोसेकंदांनी हेच, जास्तीत जास्त ३२ वेळा. ग्रँट वेळेत आली नाही तर चिप हँडशेक फेल झाल्याचं कळवते आणि संदेश अर्धवट राहतो.

शेअर्ड रॅम आल्यावर ही धावपळ चिपच्या पोटात गेली. प्रोसेसर आणि बस दोघं एकाच वेळी रॅमशी आले, तर चिप प्रोसेसरला रेडी सिग्नलवर थांबवून ठेवते. म्हणजे शब्दाच्या पातळीवरचं भांडण मिटलं. संदेशाच्या पातळीवरचं मात्र तसंच राहिलं, आणि ते जास्त घातक आहे. कारण आता कुठलीच पिन बोंब मारत नाही.

समजा एक मोजमाप ३२ बिटांचं आहे, दोन शब्दांत येतं. आत्ताची किंमत १,३१,०७१: वरच्या शब्दात १, खालच्या शब्दात ६५,५३५. पुढची किंमत फक्त एकनं मोठी, १,३१,०७२: वर २, खाली ०. तुमच्या प्रोसेसरनं वरचा शब्द वाचला, १ मिळाला. तेवढ्यात इंटरप्ट, म्हणजे दुसऱ्या तातडीच्या कामाची हाक, आला आणि प्रोसेसर तिकडे गेला. दरम्यान नवा संदेश येऊन त्याच जागी लिहिला गेला. प्रोसेसर परत येऊन खालचा शब्द वाचतो: ०. हातात आलेली किंमत ६५,५३६. खरी किंमत एकनं हलली आणि वाचणाऱ्याला ती निम्म्यावर आल्याची दिसली. पॅरिटी बरोबर, शब्दसंख्या बरोबर, स्टेटस वर्ड स्वच्छ. फळ्यावरचं गणित पुसून गुरुजी नवं लिहीत असताना मागच्या बाकावरच्या मुलानं अर्धं जुनं, अर्धं नवं उतरवून घ्यावं, तसं हे.

यावरचा उपाय चिप बनवणाऱ्यांनी दिलेला आहे, पण तो आपणहून लागू होत नाही. डीडीसी या कंपनीच्या बीयू-६१५८० या चिपचं उदाहरण घेऊ. आत ४ के शब्दांची रॅम. डेटा घेण्याच्या प्रत्येक सबअ‍ॅड्रेसला (टर्मिनलमधल्या डेटाच्या क्रमांकित कप्प्याला) डबल बफर, म्हणजे दोन ब्लॉकची जोडी, लावता येतो: चिप एका ब्लॉकमध्ये लिहिते, आणि संदेश पूर्ण वैध ठरला तरच ब्लॉकची अदलाबदल करते. वाचताना आधी त्या सबअ‍ॅड्रेसची अदलाबदल थांबवायची, मग लुकअप टेबलातला पॉइंटर (चालू ब्लॉकचा पत्ता) वाचून दुसऱ्या ब्लॉकचा पत्ता काढायचा, तो ब्लॉक वाचायचा आणि अदलाबदल पुन्हा सुरू करायची. यातली पहिली पायरी गाळली तरी प्रोग्राम चालतो, आणि बहुतेक वेळा बरोबरच चालतो. अशी चूक चाचणीच्या टेबलावर सापडत नाही, म्हणून मला तिची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. पाठवण्याच्या बाजूला तर हा डबल बफरही नाही. तिथे मोकळ्या ब्लॉकमध्ये पूर्ण संदेश भरून शेवटी पॉइंटर एकाच फटक्यात बदलणं तुमच्या सॉफ्टवेअरचं काम.

आता बिझी बिट. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. ‘पाठव’ या कमांडला बिझी बिट लावून उत्तर दिलं, तर टर्मिनल नुसता स्टेटस वर्ड पाठवतं, डेटा पाठवतच नाही. म्हणजे बस कंट्रोलरच्या वेळापत्रकातली ती पाळी वाया गेली. एखाद्या गणिताला दर २० मिलिसेकंदांनी तो आकडा हवा असेल, तर ‘नंतर या’ हे उत्तर त्याच्या काहीच कामाचं नाही. १९७८ च्या १५५३बी स्टँडर्डमध्ये बिझी बिट आहे, पण १९८६ च्या नोटिस २ या दुरुस्तीमध्ये बिझी स्थिती शक्यतो नसावीच असं स्पष्ट लिहिलं. असलीच, तर ती ठरावीक कमांडमुळेच उद्भवावी. प्रोसेसरला फुरसत नाही म्हणून मन मानेल तेव्हा लावायची ही पाटी नव्हे.

सबसिस्टिमला खरोखर काही सांगायचं असेल तर दुसऱ्या पिना आहेत. सबसिस्टिम फ्लॅगची पिन लावली की स्टेटस वर्डमधून कळतं की माझ्या बाजूला बिघाड आहे, माझ्या डेटावर विसंबू नका. टर्मिनल फ्लॅग मात्र खुद्द टर्मिनलच्या बिघाडासाठी. नवे लोक या दोघांत सर्रास गल्लत करतात. सर्व्हिस रिक्वेस्ट म्हणजे हात वर करणं. या बसवर विचारल्याशिवाय बोलता येत नाही, त्यामुळे सबसिस्टिम तो बिट लावते आणि कंट्रोलर ‘ट्रान्समिट व्हेक्टर वर्ड’ हा मोड कोड (टर्मिनलसाठीची खास कमांड) पाठवून काय हवं ते विचारू शकतो.

‘आता हे कोण वापरतं’ असंही तुम्ही लिहिलंत. तेजसमध्ये १५५३बी आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएलनं ज्याची जुळणी केली, त्या सुखोई-३० एमकेआयमध्येही आहे. तिथे काम करायला जाणाऱ्या मुलामुलींनी चिपची मागची बाजू पाठ न करता समजून घ्यावी, अशी माझी कळकळ आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत की हे सगळं तपासायचं कसं, सबअ‍ॅड्रेस ३० वरची रॅपअराउंड चाचणी पुरत नाही का. पुरत नाही. त्यात पाठवलेला डेटा जसाच्या तसा परत येतो का, एवढंच कळतं. लिहिणं आणि वाचणं एकमेकांवर आपटलं तर काय होतं, ते त्यात दिसत नाही. त्याऐवजी ३२ शब्दांचा संदेश घ्या, सगळ्या शब्दांत एकच आकडा भरा आणि दर संदेशाला तो एकनं वाढवत चला. सबसिस्टिमच्या बाजूला प्रत्येक वाचनात ३२ ही आकडे सारखे आहेत का, एवढंच तपासा. संदेशांचं अंतर आणि प्रोसेसरवरचा बोजा बदलत ते रात्रभर चालू ठेवा. एका वाचनात जरी दोन वेगळे आकडे निघाले, तरी बफरची जुळणी चुकलेली आहे.