मावशी, तू मालकीण होतीस ना गं?

‘कामगारांच्या हाती कंपनी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत’ हा मेसेज मी तीनदा न वाचता उडवला. चौथ्यांदा तो मावशीकडून आला, खाली हात जोडलेले. आणि या मावशीने वीस वर्षं लिज्जतचे पापड लाटलेत!

मेसेज म्हणतो, मताचा हक्क दिला की कामगार पहिल्याच बैठकीत पगार दुप्पट करून तिजोरी रिकामी करतील. अरे, लिज्जत बघा की. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. आज चाळीस हजारांवर भगिनी, म्हणजे पापड लाटणाऱ्या सभासदच मालकिणी, उलाढाल हजार कोटींच्या पुढे. मावशी सकाळी शाखेतून मळलेलं पीठ तोलून आणायची, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड तोलून द्यायची. पापड जाड निघाला की परत, मालकीण असली तरी. निर्णय एकमताने, एकीने ‘नाही’ म्हटलं तरी अडतो. नफा भगिनींचा आणि तोटाही त्यांचाच. कुठे रिकामी झाली तिजोरी? स्पेनच्या बास्क भागातल्या मोंद्रागोन या कामगारांच्याच मालकीच्या सहकारी कंपन्यांच्या समूहात तर मंदीत सभासदांनी मतदान करून स्वतःचेच पगार कापून घेतले.

मेसेज पुढे विचारतो, ‘प्रत्येक स्क्रूसाठी मतदान?’ काहीतरीच. मोंद्रागोनमध्ये सभासद मंडळ निवडतात, मंडळ मॅनेजर नेमतं, रोजचा कारभार मॅनेजर बघतो. आपल्या सोसायटीत पाण्याचा पंप लावायला सभा बोलावतात का?

‘साखर कारखाने बघा.’ ते ऊस पिकवणाऱ्या सभासदांचे. बॉयलरवरचा माणूस पगारी नोकर, कामगार म्हणून त्याला तिथे मत नाही. उदाहरणच चुकलं.

कामगारांच्या कंपन्याही बुडतात, हे मात्र मान्य करावं लागतं. मोंद्रागोनची घरगुती उपकरणं बनवणारी फागोर २०१३ साली बुडाली. कुर्ल्याची कामानी ट्यूब्ज १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या संमतीने कामगारांनी हाती घेतली, केवढं कौतुक झालं, पण काही वर्षांत ती पुन्हा आजारी पडली. फक्त ती आधी बंद कुणी पाडली होती? मालक घराण्यातल्या भांडणांनी. ते मेसेजमध्ये नाही.

हे सगळं फोनवर मावशीला ऐकवलं. म्हणाली, “अरे, तो मेसेज कंपन्यांबद्दल आहे. आमचं पापडाचं वेगळं.”

वेगळं म्हणजे काय, विचारलं, तर तिची भाजी करपत होती.