पाणी तेवढे काप

माझ्या आयुष्यातील पहिल्या धड जमलेल्या छायाचित्राविषयी काल थोरल्या ताईचा निरोप आला : ‘फोटो सुरेख आहे, फक्त पुढचे पाणी तेवढे कापून पाठव.’ ते पाणी टिपण्यासाठी मी तीन रात्री खिडक्यांना काळे कापड लावून बसलो होतो.

अर्ध्या मीटरवरून सुटलेला थेंब ताटलीतील पाण्याच्या पातळ थरावर आदळतो, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे तीन मीटर असतो आणि डोळ्याला कळायच्या आत तिथे पाण्याचा मुकुट उठून मोडतोही. कॅमेऱ्यात उजेड सोडणारे शटर १/२०० सेकंद उघडे राहिले तरी तेवढ्यात थेंब दीड सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत नुसता ओघळ उमटतो. म्हणून अंधार करून शटर दोन सेकंद सताड उघडे ठेवायचे आणि सारी भिस्त १/३०,००० सेकंदात विझणाऱ्या फ्लॅशवर टाकायची. तेवढ्या अवधीत थेंबाला जेमतेम दशांश मिलिमीटर हलता येते. फ्लॅशचे बटण मी हातानेच दाबत होतो, त्यामुळे शंभरातील नव्याण्णव फोटोंत एक तर थेंब यायचा असे किंवा येऊन गेलेला असे.

तिसऱ्या रात्री भावोजी आत आले.

“दिवा लावू का?”

“नको, अंधारच हवा आहे.”

“फोटो काढायला?” असे म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि फ्लॅशच्या मागचा पडदा वाचला. “हे १/१२८ काय आहे? एवढा दणकट फ्लॅश, आणि त्याला एवढ्याशा पॉवरवर ठेवलास? वेगवान गोष्टीला जोर नको का?”

मी समजावले. असल्या छोट्या फ्लॅशमध्ये पॉवर कमी करणे म्हणजे नळ बारीक सोडणे नव्हे, तर पूर्ण सोडून झटकन बंद करणे. पूर्ण पॉवरला प्रकाश साधारण १/१००० सेकंद रेंगाळतो आणि तेवढ्यात थेंब तीन मिलिमीटर घसरतो. जितकी पॉवर कमी, तितका लखलखाट आखूड.

भावोजी विचारात पडले. “पण नळ बंद कशाला करायचा? पाण्याचाच फोटो काढतोयस ना?”

(स्टुडिओतील काही जुन्या, मोठ्या फ्लॅशच्या बाबतीत खरोखरच उलटे असते, पूर्ण पॉवरलाच त्यांचा प्रकाश सर्वांत आखूड असतो, पण हे मी भावोजींना या जन्मी सांगणार नाही.)

मी ताटली पुसायला वळलो, तेवढ्यात त्यांनी मला मदत केली. पुढचा फोटो काढला तो कोऱ्या कागदासारखा पांढरा आला आणि फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत कुंथत राहिला.

“बघ, आता कसे लख्ख आले!”

“यात थेंब कुठे आहे?”

“असेल की त्यातच.”

१८५१ साली लंडनमध्ये छायाचित्रणाचे एक जनक फॉक्स टालबट यांनी वर्तमानपत्राचा कागद चाकावर चिकटवला, चाक गरगर फिरवले आणि विजेच्या एका ठिणगीच्या उजेडात त्याचा फोटो घेतला; त्यातली अक्षरे वाचता येत होती. ‘चाक थांबवून वाचा की,’ असे म्हणायला तिथे भावोजी नव्हते. अमेरिकेत एमआयटीमधील प्राध्यापक हॅरल्ड एजर्टन हे १९३०च्या दशकापासून दुधाच्या थेंबाच्या मागे लागले होते आणि त्यांचा तो प्रसिद्ध रंगीत मुकुट १९५७ सालचा आहे. माझ्या तीन रात्री मात्र घरात सर्वांना फार वाटतात. कोणी तंबोरा जुळवत असेल तर लोक पाय न वाजवता निघून जातात; छायाचित्रकाराच्या यंत्राला हात लावायला मात्र कोणालाही परवानगी लागत नाही. हे मी हसत लिहितो आहे, पण हसू येत नाही.

मी पॉवर मुकाट्याने पूर्ववत केली. भावोजी आता नीट दिसावे म्हणून ताटलीच्या पलीकडे ओणवे झाले, नाक थेंबापासून चार बोटांवर. मी ओरडणार, तोच थेंब सुटला आणि बोट आपोआप दाबले गेले.

मुकुट आला. एकेक टोक निराळे आणि प्रत्येक टोकावर मण्यासारखा थेंब, जसा हवा तसा. आणि त्यामागे भावोजी, उघड्या डोळ्यांनी.

घरातील एकाही फोटोत भावोजींचे डोळे उघडे नाहीत, कारण आपोआप प्रकाश मोजणारा फ्लॅश खऱ्या लखलखाटाच्या आधी एक बारीकशी चमक टाकतो आणि ज्यांच्या पापण्या चपळ असतात ते तिलाच डोळे मिटतात. माझ्या फ्लॅशची पॉवर मी हातानेच ठरवलेली होती. त्याला आगाऊ चमक नव्हती आणि त्याचे काम पापणीला हलायचे सुचण्याआधीच संपले होते. कोणाला नाही जमले ते मी केले, असे ताई म्हणते.

पाणी कापून मी फोटो पाठवला. डाव्या कोपऱ्यात मुकुटाचे एक टोक राहून गेले होते. तो डाग पुसता येईल का, असे भावोजींनी विचारले आहे.