चुकलेलं निदान आणि हलगर्जीपणा

'निदान चुकलं म्हणजे डॉक्टर दोषी' हे चुकलेल्या निदानावरच्या एका लेखातलं वाक्य मला पटलं नाही. गंभीर आजाराची सुरुवात अनेकदा फसवी असते, निष्णात डॉक्टरही चकतो. कायदा विचारतो ते वेगळं: त्या लक्षणांवर जबाबदार डॉक्टरने जी तपासणी सांगितली असती, ती इथे सांगितली का?

पण खरी मेख पुढे आहे आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. हलगर्जीपणा सिद्ध झाला तरी नुकसान त्यामुळेच झालं, हे रुग्णालाच दाखवावं लागतं. हाऊस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचा, २००५ चा निकाल पाहा. काखेतली गाठ साधी समजून डॉक्टरने रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवलंच नाही. तो लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला, उपचार सुमारे नऊ महिने लांबले. दहा वर्षं जगण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ वर आली, असं कोर्टाने धरलं. तरी ३ विरुद्ध २ मतांनी भरपाई नाकारली, कारण शक्यता मुळातच निम्म्याहून कमी होती, म्हणजे वेळेत उपचार होऊनही तो दहा वर्षं जगला नसता हेच अधिक संभवनीय! म्हणजे आधीच जास्त आजारी असलेल्या माणसाच्या बाबतीत केलेली हयगय माफ? हा अन्याय आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, पोटाच्या कॅन्सरच्या प्रकरणात, गमावलेल्या शक्यतेचीही भरपाई मान्य केली. मला तीच भूमिका योग्य वाटते.

आणि रुग्णांनो, केसपेपर, रिपोर्ट यांच्या प्रती वेळीच मागून घ्या. कोणती तक्रार कधी सांगितली, हे त्यावर तारखेसह लिहिलेलं असलं तरच पुढे वकिलाच्या हाती काही लागतं.