पुठ्ठ्याचा गवा

आमच्या घरात कचरा होत नाही. म्हणजे आई होऊ देत नाही. त्यामुळे ‘टाकाऊ पुठ्ठ्यापासून बोटावरच्या बाहुल्या करा, प्राणी आपल्या भागातले हवेत’ असा कन्येच्या शाळेतून निरोप आला, तेव्हा मला फक्त ‘टाकाऊ’ या शब्दाची धास्ती वाटली. बायको ‘त्यात काय एवढं?’ म्हणाली आणि चपात्या लाटायला निघून गेली.

पलंगाखाली खोक्यांची कमी नव्हती. पण रिकामं एकही नाही. बुटांच्या खोक्यात केईबीच्या, म्हणजे जुन्या कर्नाटक वीज मंडळाच्या जमान्यातली लाइटबिलं. साडीच्या खोक्यात फॉल, लेस आणि कुणाच्या तरी ब्लाऊजची बटणं. मिक्सर कधीच भंगारात गेला, खोकं मात्र शाबूत; का, तर गणपतीत आराशीला लागतं.

‘ते कशाला काढायलायस?’ आईचा आवाज आलाच.

‘पुठ्ठा पाहिजे.’

‘मग इकत आण की!’

टाकाऊ वस्तू विकत आणायला मी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. ‘खोकी किलोवर जातात ओ,’ असं ऐकवून दुकानदारानं तेलाचं एक खोकं तसंच दिलं. लहानपणापासून उधारी वेळेवर फेडल्याचं हे फळ.

आता, तेलाच्या खोक्याचा पुठ्ठा दिसायला भारदस्त, पण स्वभावानं हट्टी. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद असतो. त्या नळ्यांच्या रेषेवर तो गुमान दुमडतो, आडवा दुमडायला गेलं की मोडतो. अंगाखांद्याला ठीक, पण बोटाभोवती कडं करायला पातळ पुठ्ठाच हवा, टूथपेस्टच्या किंवा अगरबत्तीच्या खोक्याचा. तो मागून करडा असतो, कारण बऱ्याचदा तो स्वतःच रद्दीतून जन्मलेला असतो. कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, एक खरोखर रिकामा बॉक्सही हाती लागला (आईच्या नजरेतून कसा सुटला, देव जाणे), पण तो इतकं तूप प्यायलेला की त्यावर ना फेविकॉल बसला ना रंग. कागदालाही बेळगाव मानवतं.

प्राणी कुठले? मी ससा आणि मांजर सुचवले. दोन लांब कान, चार मिशा, काम संपलं. पण शाळेत खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याची माहिती झालेली. कन्येनं फर्मावलं, ‘मला बारापेडे गुहेतलं वटवाघूळ पाहिजे.’ हे वटवाघूळ साधंसुधं नाही. १९१३ साली त्याची शास्त्रात नोंद झाली आणि पुढं कित्येक वर्षं ते जगात फक्त त्या गुहांतच माहीत होतं. त्याची शेपटी मागच्या पायांमधल्या कातडीतून मोकळी बाहेर येते. म्हणजे पंख, भलेमोठे कान आणि वर शेपटी! शेपटीला मी सुतळी लावली. ‘उंदीर दिसायलाय,’ कन्या म्हणाली. कान वाढवले. ‘आता सशासारखा दिसायलाय.’ मांजर तेवढं राहिलं होतं.

दुसरा प्राणी गवा. एक टनाच्या आसपासचं धूड पुठ्ठ्याच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर आणायचं. खाली दोन भोकं पाडायची, त्यातून दोन बोटं बाहेर काढायची, तेच पाय. आणि गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यागत. माझी बोटं काळी नसली तरी पांढरी म्हणण्याजोगी नाहीत. शेवटी औषधाच्या डब्यातलं बँडेज दोन्ही बोटांना गुंडाळलं. झकास मोजे झाले.

भोकं कन्येच्या बोटांच्या मापाची होती. पण ती शिकवणीला गेलेली, आणि गवा चालतो कसा हे बघितल्याशिवाय मला राहवेना. बोटं आत गेली. बाहेर येईनात. ओढावं तर शिंगं तुटणार, कापावं तर सगळा खेळ पुन्हा तेलाच्या खोक्यापासून सुरू. आई म्हणाली, ‘खोबरेल लाव.’ बायको म्हणाली, ‘पुठ्ठा खराब होईल.’ दोघींचं एकमत होईपर्यंत बेल वाजली. गॅस आला होता.

सिलिंडर उतरवून पोऱ्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. पुठ्ठा त्याच्या बाजूनं कोराच दिसत होता, खाली बँडेजमधली दोन बोटं.

‘काय झालंय ओ? कुत्रं चावलं?’

‘गवा आहे,’ मी म्हणालो.

तो क्षणभर थांबला. मग मोबाइल काढत गंभीरपणे म्हणाला, ‘मी खानापूरचाच हाय साहेब. गवा चावत न्हाय, धडक देतोय. ओटीपी सांगा.’