मात्रा किती?

मे महिन्यात लंडनला मैत्रिणीकडे गेले होते. संध्याकाळी तिनं फ्रिजमधून दोन कॅन काढले. बिनदारूचं पेय, लिंबू, आलं, अश्वगंधा आणि चहात असतं ते एल-थिअनिन. "घे, डोकं शांत होतं," म्हणाली. मी चष्मा लावून कॅन फिरवत राहिले. अश्वगंधेचं नाव ठळक छापलेलं, पण ती किती घातलीय हे कुठेच नव्हतं. सोबत मॅग्नेशियम होतं, त्याचा आकडा मात्र व्यवस्थित दिलेला. कारण मॅग्नेशियमनं थकवा कमी व्हायला मदत होते, असं छापायला तिथे परवानगी आहे, आणि तसं छापायचं तर आकडा द्यावा लागतो.

मी राहते त्या कोपनहेगनमध्ये हे पेय विकता येत नाही. डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. आधार होता इथल्या तंत्रविद्यापीठाचा २०२० चा अहवाल: थायरॉइडवर आणि लैंगिक संप्रेरकांवर परिणाम होऊ शकतो, गर्भपाताचा धोका असू शकतो, आणि किती मात्रेपर्यंत सुरक्षित, हे ठरवता येत नाही.

ही बातमी घरच्या ग्रुपवर गेली आणि दोन तट पडले. काका म्हणाले, यांना आपलं शास्त्र बघवत नाही. चुलतभाऊ म्हणाला, बरं झालं, सगळी भोंदूगिरी आहे. मला दोघांचंही पटलं नाही. अश्वगंधेचा उपयोग होत नाही, असं डेन्मार्कनं म्हटलेलंच नाही. ती शरीरात काहीतरी करते, म्हणून तर ही भीती!

२०१२ साली हैदराबादच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. तणावाखालची ६४ माणसं, त्यातल्या निम्म्यांना मुळाचा अर्क, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस. त्यांचा ताण कमी झाला, रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तेही उतरलं. चाचणी लहान होती, पण नंतरच्या काही चाचण्यांचा कलही तसाच आहे. म्हणजे गुण आहे, पण तो रोज, ठरलेल्या मात्रेत, दोन महिने घेतल्यावरचा. शनिवारी संध्याकाळी फोडलेल्या एका कॅनला हा पुरावा लावता येत नाही. थिअनिनचंही तेच. चाचण्यांत बहुतेकदा २०० मिलिग्रॅम देतात. चहाच्या कपात साधारण २० असतं. त्या संध्याकाळी मला बरं वाटलं, ते मैत्रिणीशी दोन तास बोलल्यामुळे, असं मला वाटतं.

साताऱ्याला आजी रात्री दुधात अश्वगंधेचं चूर्ण घ्यायची. वैद्यांनी पुड्या बांधून दिलेल्या असायच्या. किती, कशातून आणि किती दिवस, सगळं सांगून. मात्रा आणि अनुपान, म्हणजे औषध कशाबरोबर घ्यायचं ते, हा आयुर्वेदाचा कणा आहे, आणि आयुर्वेदाच्या नावानं विकणारे नेमकं तेच गाळतात. याचा मला मनापासून राग येतो.

कारण वहिनी थायरॉइडची गोळी घेते. तीन महिने ती ऑनलाइन मागवलेली, अश्वगंधा घातलेली 'शांत झोपेची' पावडर पाण्यात घालून पीत होती. झाडपाल्याचंच तर आहे, म्हणून डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. रिपोर्ट वरखाली व्हायला लागले, तेव्हा बोलण्यात आलं. डॉक्टरांनी ती आधी बंद करायला लावली.

सरसकट बंदी मला जास्तच वाटते. पण थायरॉइडवाल्यांना आणि गरोदर बायकांना इशारा आणि मिलिग्रॅमचा आकडा, एवढं तरी पाकिटावर सक्तीचं हवं, पुण्यातही आणि लंडनमध्येही.

काल वहिनीनं त्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला. 'वनस्पतींचं मिश्रण, ५ ग्रॅम' एवढंच आहे. त्यात अश्वगंधा किती, हे विचारणारी मेल तिनं कंपनीला केली आहे.