फक्त दोन मिनिटं लागतील

सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या हिशेबावरून जुंपलेली असताना परवा मध्येच एक लिंक येऊन पडली. 'नमस्कार, मी पीएचडी करत आहे. कृपया खालील फॉर्म भरून सहकार्य करावे. फक्त दोन मिनिटं लागतील.' पुढे हात जोडलेले. विषय 'महाराष्ट्रातील ग्राहकांच्या डिजिटल संज्ञापन तंत्रज्ञानाच्या स्वीकृतीवर भाषिक घटकांचा होणारा प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास'. प्रश्न ६४. म्हणजे एका प्रश्नाला दोन सेकंदसुद्धा नाहीत. नुसतं शीर्षक वाचण्यातच तीन प्रश्नांचा वेळ जातो.

लिफ्टमध्ये रोज तोंड दिसणार असेल तर असा फॉर्म नाकारता येत नाही. तेव्हा भरला. भरता भरता लक्षात आलं, की असे फॉर्म फिरवून पीएचडी करणं ही एक पूर्ण वाढ झालेली विद्या आहे आणि ती कुणी नीट लिहून ठेवलेली नाही. नव्या संशोधकांची वणवण थांबावी म्हणून हा खटाटोप.

सुरुवात सिद्धान्तापासून. तो शोधत बसू नका, तयार मिळतो. फ्रेड डेव्हिस या संशोधकांनी १९८९ मध्ये 'तंत्रज्ञान स्वीकृती'चं प्रतिरूप, म्हणजे मॉडेल, मांडलं. आयबीएमच्या टोरांटोतल्या प्रयोगशाळेतले ११२ जण घेतले, त्यांना ऑफिसातलं ईमेल आणि एक फाइल-एडिटर यांबद्दल विचारलं. मग बोस्टनमधले ४० एमबीएचे विद्यार्थी घेतले. वस्तू उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, एवढंच मोजायचं होतं आणि ते त्यांनी फार काटेकोरपणे मोजलं. तुम्ही काटेकोरपणा वगळा, प्रश्न तेवढे उचला. 'ईमेल' खोडून 'यूपीआय' लिहा. पुढच्या वर्षी तुमचा ज्युनिअर 'यूपीआय' खोडून 'ओटीटी' लिहील. निष्कर्ष दोघांचा एकच येईल : उपयोगी वाटलं की लोक वापरतात. हे सांगायला २८० पानं पुरतात, त्यांतली ९० पूर्वसंशोधनाच्या आढाव्याची.

आता नमुना, म्हणजे फॉर्म किती जणांकडून भरून घ्यायचा. आकडा पाठ करा : ३८४. तो कुठून आला हे तोंडी परीक्षेत कुणी विचारत नाही, तरी असू द्या. ९५ टक्के खात्री हवी आणि पाच टक्के इकडेतिकडे चालेल असं धरलं, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, उत्तर ३८४.१६. क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात दहा लाख लोकसंख्येसमोर हाच आकडा आहे. या गणिताला एक क्षुल्लक अट असते. यादीतल्या प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता सारखी हवी, म्हणजे चिठ्ठ्या टाकून माणसं काढायला हवीत. ही अट गाळली की ३८४ आणि तुमच्या बुटाचा नंबर यांत संशोधनाच्या दृष्टीने काही फरक उरत नाही. पण बुटाचा नंबर तक्त्यात सापडत नाही, म्हणून ३८४.

हे ३८४ मिळवायचे तुमच्याच फोनमधून. वर्गाचा ग्रुप, मामेभावाच्या कंपनीतली टीम, नवऱ्याचे क्रिकेटवाले, गाइडचे बाकीचे विद्यार्थी (ते भरतात, कारण त्यांचा फॉर्म तुम्ही भरलेला असतो). प्रबंधाच्या सत्त्याऐंशीव्या पानावर 'सोयीस्कर नमुना निवड' असं एकदा बारीक अक्षरात लिहून टाका आणि मुखपृष्ठावर 'महाराष्ट्रातील ग्राहक' तसंच राहू द्या. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे देशात ८ कोटी ३० लाख निघाले होते. त्यांच्या वतीने बोलायला बाणेरच्या एका आयटी कंपनीचा दुसरा मजला पुरेसा आहे. तीस-बत्तीस फॉर्म कमी पडलेच, तर घरी बसून भरा. मात्र टाइमस्टॅम्पचा कॉलम आठवणीने उडवा, नाहीतर बत्तीस ग्राहकांनी एकाच रात्री ११.४२ ते १२.१० या वेळात ओळीने आपली मतं नोंदवल्याचं दिसतं.

वयोगट १८ ते २५, २५ ते ३५, ३५ ते ४५ असे ठेवा. पंचविशीतल्याने कुठे जायचं ते त्याचं तो बघेल.

यानंतर येतो खरा कळस, मराठी भाषांतर. विषयात 'भाषिक घटक' आहेत म्हटल्यावर फॉर्म मराठीत हवाच. रिचर्ड ब्रिसलिन नावाच्या गृहस्थांनी १९७० मध्ये यावर एक कटकटीची रीत सांगून ठेवली आहे. एकाने भाषांतर करायचं, मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मूळ भाषेत न्यायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून कुठे बिघडलं ते शोधायचं. त्यानंतर आठ-दहा माणसांजवळ बसून एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचा आणि 'तुम्हाला यातून काय कळलं?' एवढंच विचारायचं. हे सगळं मिळून आठवड्याभराचं काम. तुम्ही ते अकरा सेकंदांत करा. इंग्रजी प्रश्न डाव्या चौकटीत चिकटवा, उजवीकडून मराठी उचला आणि वाचू नका. वाचलंत तर पुढे जाववणार नाही.

मग असं पीक येतं : 'माझ्यासाठी महत्त्वाच्या असलेल्या व्यक्तींना असे वाटते की मी या प्रणालीचा वापर केला पाहिजे.' मूळ वाक्य २००३ च्या एका गाजलेल्या प्रतिरूपातलं आहे आणि इंग्रजीत ते ठीकच आहे. मराठीत माणूस म्हणतो, 'घरचे मागे लागलेत, फोनवरून बिल भर म्हणून.' 'प्रणाली' आपल्याकडे मुलीचं नाव असतं. त्याच घराण्यातल्या २०१२ च्या प्रतिरूपात मजेसाठी वापरण्याचा एक घटक आला, त्याचं परवाच्या फॉर्ममध्ये 'सुखवादी प्रेरणा' झालं होतं. सत्तरीच्या आजोबांनी नातीचे फोटो बघण्याबद्दल 'माझी सुखवादी प्रेरणा' या मथळ्याखाली पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची. शिवाय प्रत्येक वाक्य 'मी वापरतो, मी करतो, मी पाठवतो'. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसतं, मराठीला असतं, ही बातमी अजून विद्यापीठापर्यंत पोचलेली नाही. बायकांनी पुरुष होऊन फॉर्म भरायचा आणि शेवटच्या पानावर 'लिंग : स्त्री' अशी टिक करायची.

सगळ्यात मौज उलट्या प्रश्नांची. न वाचता एकच रकाना ठोकत जाणाऱ्याला पकडायला मधूनमधून उलटं वाक्य घालतात. कल्पना चांगली आहे. पण तुम्ही लिहिता, 'मला मोबाइलद्वारे पैसे पाठवणे असुरक्षित वाटत नाही', आणि समोर पर्याय सहमत, असहमत. आता ज्याला भीती वाटते त्याने काय करायचं? घरात विचारून बघा, 'भाजी आणली नाहीस का?' एकजण म्हणेल 'हो, नाही आणली', दुसरा म्हणेल 'नाही, नाही आणली'. दोघांच्याही पिशव्या रिकाम्याच. नकाराला दिलेला होकार मराठीत दोन्ही बाजूंना पडतो, आणि त्यावर तुम्ही आणखी एक 'अ-' चढवता. निकाल ठरलेला. घटक विश्लेषणात, म्हणजे सारखी उत्तरं मिळणारे प्रश्न गटांत बांधणाऱ्या गणितात, उलटी वाक्यं बाकीच्यांपासून फुटून वेगळा कळप करतात. तो कळप नकारार्थी वाक्यरचनेचा असतो. तुम्ही त्याला 'डिजिटल साशंकता' असं नाव देता आणि तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिता! व्याकरणाच्या घोटाळ्यावर उभं राहिलेलं प्रकरण, त्यातून महाराष्ट्र शासनाला केलेल्या चार शिफारशी.

आणि तो तक्ता. गुगल फॉर्ममध्ये आडवे पाच रकाने असलेला तक्ता लॅपटॉपवर देखणा दिसतो. मोबाइलवर त्यातले जेमतेम तीन मावतात, उरलेल्यांसाठी बोटाने बाजूला सरकवावं लागतं. सरकवता येतं हे कुणाला सुचतं? मग 'पूर्णपणे असहमत', 'असहमत', 'तटस्थ' एवढंच जग उरतं, उत्तरं तटस्थावर साचतात आणि प्रबंधात लिहिलं जातं, की मराठी ग्राहक तंत्रज्ञानाबाबत संभ्रमित आहे. तो संभ्रमित नाही हो, त्याला चौथा रकाना दिसला नाही!

हेही सोडून देता आलं असतं. पण तेविसावा प्रश्न होता, 'तुम्ही व्हॉट्सअॅपवर कोणत्या भाषेत संदेश पाठवता? मराठी, हिंदी, इंग्रजी, इतर.' गोल टिंब, म्हणजे एकच निवडा. ज्या संशोधनाचा जीव भाषेत आहे म्हणता, त्यातला हा मुख्य प्रश्न. एकच भाषा कोण वापरतं? भावाला 'उद्या येतो' रोमन अक्षरांत जातं, सासऱ्यांना देवनागरीत, डिलिव्हरीवाल्याला हिंदीत, बँकेला इंग्रजीत, आणि लिहिता न येणाऱ्या आत्याला व्हॉइस नोट. रोमन अक्षरांत मराठी लिहिणारा 'मराठी'वर टिक करणार की 'इंग्रजी'वर? अर्धे इकडे, अर्धे तिकडे. कारण भाषा वेगळी आणि लिपी वेगळी, हे फॉर्म करणाऱ्याच्या डोक्यातच नाही. आणि व्हॉइस नोटला लिपीच नाही, तिला तर पर्यायच नाही. यातून मग 'तरुणांमध्ये मराठीचा वापर घटला' असा निष्कर्ष निघतो, त्यावर भाषा दिनाला परिसंवाद होतात, हार घातले जातात. घटलं काय, ते मोजलंच नाही कुणी.

असो. पुढच्या सूचना थोडक्यात.

विश्वसनीयतेसाठी क्रॉनबाख यांचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, ०.७ च्या वर हवा असतो. प्रश्नांत दम असण्याची गरज नाही, संख्या वाढवा. प्रश्नांचा आपसातला सरासरी सहसंबंध ०.३ इतका मरतुकडा असला तरी चार प्रश्नांवर अल्फा ०.६३ येतो आणि दहांवर ०.८१. म्हणून 'मला हे अॅप आवडते', 'मला हे अॅप पसंत आहे' आणि 'हे अॅप मला रुचते' हे तिन्ही ठेवा.

रोज किती तास फोन वापरता ते अंदाजाने विचारा. खरा आकडा त्याच फोनच्या सेटिंग्जमध्ये असतो आणि लोकांचा अंदाज त्याच्याशी बेताचाच जुळतो, हे २०२१ च्या मोठ्या आढाव्यात दिसलेलं आहे. पण दिसलेलं आहे म्हणून काय झालं.

'आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल' हे ठळक टाइपात लिहा, खाली नाव आणि मोबाइल नंबर लाल तारा लावून सक्तीचा करा, आणि निकालाचा सारांश सगळ्यांना दाखवण्याचं बटण चालूच ठेवा. फॉर्म पाठवला, की शेजाऱ्यांचं मासिक उत्पन्न गोल रंगीत चित्रात बघायला मिळतं.

मराठी उत्तरांची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडा. देवनागरीच्या जागी चिन्हांची खिचडी दिसेल. डेटा मेनूतून फाइल आत घेऊन यूटीएफ-८ निवडलं, तर सगळं सुरळीत दिसतं, पण त्यापेक्षा मोकळ्या उत्तरांचा कॉलमच खोडणं सोपं. तसंही लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं तेवढंच असतं.

छापण्याची काळजी नको. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली, पुढे आलेली केअर यादीही २०२५ मध्ये गुंडाळली. पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं दोन्ही वेळा उघडीच राहिली. दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या आत बसवायला शब्द बदलणारं सॉफ्टवेअर वापरा. त्याच्या कृपेने जगभरच्या शोधनिबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं सापडलं आहे. खोटी शुद्ध! शब्द चुकला असला तरी वर्णन बरोबर आहे.

पुरे झालं. खरं सांगायचं तर विद्यार्थ्यावर फार रागावताही येत नाही. त्याला मुदत आहे, फी आहे, घरचे विचारतायत कधी संपणार. पण गाइड लोकहो, तुमचं काय? हा फॉर्म तुमच्या सहीने बाहेर पडला. एकदा तरी स्वतःच्या फोनवर उघडून पाहिलात? तुमच्या हाताखाली आठ जण आहेत आणि आठही जणांची प्रश्नावली एकच आहे, हे तुम्हाला माहीत नाही असं सांगू नका.

तुमच्याच कॉलेजच्या फाटकाबाहेर भाजीची गाडी लागते. गाडीवर क्यूआर आहे, शेजारी साउंडबॉक्स आहे. गिऱ्हाईक हिरवं 'सक्सेस' दाखवतं तरी बाई पिशवी सोडत नाही, कारण तसला खोटा पडदा दाखवणारी अॅप्स निघाली आहेत हे तिला ठाऊक आहे. डबा बोलला की मगच पिशवी हातात. आता तो डबा हिंदीत बोलत असेल तर? 'उनसठ' म्हणजे एकोणसाठ की एकोणसत्तर, हे गर्दीत, दोन गिऱ्हाइकं एकदम उभी असताना तिला कळतं का? चुकतं तेव्हा ती काय करते? डब्याची भाषा बदलता येते हे तिला कुणी सांगितलं का? बदललीच नसेल तर का? संज्ञापन, भाषा, ग्राहक, तुमच्या शीर्षकातलं सगळं त्या गाडीवर आहे. चौसष्टपैकी एकही प्रश्न तिच्याबद्दल नाही, आणि असता तरी लिंक तिच्यापर्यंत गेली नसती, कारण ती तुमच्या ग्रुपवर नाही. तिथे संध्याकाळचे दोन तास स्टूल टाकून बसायला लावा पोरांना. बारा गाड्या, बारा संध्याकाळी, एक वही. ३८४ भरणार नाहीत. नको भरू देत.

आणि फॉर्मच पाठवायचा असेल, तर वर 'दोन मिनिटं' लिहू नका. स्वतः भरा, मोबाइलवर, घड्याळ लावून, आणि येईल तो आकडा लिहा. परवाच्या फॉर्मला एकोणीस लागतात.